जुळलेला जांभळा

बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या डाव्या दरवाज्यापाशी येऊन त्या थांबल्या. कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आवाज चढवायची सवय शाळेच्या फाटकातच ठेवून येत असाव्यात. "दरवाजा अगदी सरळ झालाय," त्या म्हणाल्या, "पण रंग जरा वांगी नाही वाटत?" गॅरेजचा रंगारी फडक्याला बोटं पुसत हसत पुढे झाला. गाडी ताब्यात देताना गिऱ्हाइकाला काही ना काही खुपतंच, आणि त्याला उन्हात नेऊन, सावलीत आणून, दोन पावलं मागे उभं करून त्याची समजूत काढणं हाही कामाचाच भाग होता. त्याने दरवाज्याकडे बघितलं. मग पुढच्या, न रंगवलेल्या दरवाज्याकडे बघितलं. निळा, गडद, आत जांभळ्याची किंचित झाक असलेला. दोन्ही सारखे. तसं सांगायला त्याने तोंड उघडलं आणि त्याची नजर मालकांकडे गेली. मालक मान एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर टाकून दरवाजा बघत होते. चारचौघांत एखाद्याच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं दिसावं आणि सांगावं की नाही ते कळू नये, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मागे पत्रे ठोकणाऱ्या ठोक्याचा हातोडा थांबला होता. पावत्यांच्या खिडकीतल्या बाईसुद्धा मान बाहेर काढून बघत होत्या. ज्यांना रंगातलं ओ की ठो कळत नाही त्यांनाही ते दिसत होतं.

त्यालाच दिसत नव्हतं. त्याने डोळे मिटून उघडले. फडक्याने दरवाजा पुसला, वांगीपणा वर बसलेल्या धुळीसारखा निघून येईल या आशेने. मग गाडी उन्हात घ्यायला लावली. "उन्हात तर जास्तच दिसतंय हो," मुख्याध्यापिका हळू आवाजात म्हणाल्या, आणि मालकांनी लगेच सारवासारव सुरू केली, नवा रंग आहे, बसायला वेळ लागतो, आम्ही पुन्हा करून देऊ. बाई भल्या होत्या. घाई नाही म्हणाल्या. त्या गेल्यावर सगळे आपापल्या कामाला लागले, जरा जास्तच लगबगीने, आणि त्या लगबगीनेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. इतक्या वर्षांत त्याने रंगवलेला एकही दरवाजा परत आला नव्हता. दुसऱ्या गॅरेजांतली माणसं आपल्याकडचे अवघड रंग गुपचूप त्याच्याकडे धाडत. कैक उन्हाळे सोसलेल्या गाडीचा रंग कंपनीच्या तक्त्यात कधी सापडत नाही. डब्यातला मूळ रंग घ्यायचा आणि थेंबाथेंबाने त्याला म्हातारा करत आणायचा, पट्टीवर फवारायचा, वाळू द्यायचा, गाडीला लावून बघायचा, पुन्हा थेंब. यालाच लोक त्याच्या तोंडावर कसब म्हणत आणि पाठीमागे चेटूक. मास्तर हे नाव त्यातूनच पडलं होतं. एरवी शाळेशी त्याचा संबंध बेताचाच. लहानपणी आईने एकदा त्याला कापडाचा तुकडा देऊन त्याच रंगाचा दोरा आणायला पाठवलं होतं. तुकडा वाटेत कुठेतरी पडला. मार चुकवायचा म्हणून दुकानात रिळांच्या फळीसमोर उभं राहून त्याने डोळे मिटले, कापड आठवलं आणि एका रिळावर बोट ठेवलं. घरी आईने दोरा कापडावर धरला, त्याच्याकडे बघितलं, आणि तुकडा कुठाय हे विचारायचंच विसरली. त्या दिवसापासून घरात कुणी काही विणायला घेतलं, भिंतीला हात मारायचा ठरवला, की "त्याला विचारा" असं व्हायचं. भाऊ अभ्यासात हुशार, बहीण गळ्याने गोड, आणि हा डोळ्यांचा. माणसाच्या वाट्याला येऊन येऊन एकच गोष्ट येते, आणि ती गेली तर तो कोण उरतो, हा प्रश्न तोवर त्याला पडलाच नव्हता. पडायचं कारणही नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून त्याला अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं, मग यंत्रापुढे हनुवटी टेकायला लावली आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. "उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय," त्या म्हणाल्या. "डाव्यातही सुरुवात दिसतेय. भिंतीला ओल आली की वरचा रंग फुगतो ना, तसं समजा." त्याचा धंदा विचारून घेऊन ही उपमा त्यांनी मुद्दाम दिली की सगळ्यांनाच देत होत्या कोण जाणे, पण ती त्याला फारच चटकन कळली. फुगलेला रंग खरवडून काढण्याखेरीज दुसरा इलाज त्याला माहीत नव्हता. "बहुतेकांचं आपोआप ओसरतं," त्या पुढे म्हणाल्या, "काहींचं नाही ओसरत. पुढच्या महिन्यात बघू. तोवर वाट बघायची. आणि चिंता करायची नाही, चिंतेनं हे वाढतं." चिंता करू नका म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार. घरी येताना रस्ताभर, आपण चिंता तर करत नाही ना, याचीच तो चिंता करत आला. मालकांना त्याने फक्त डोळे दुखतात एवढंच सांगितलं होतं. बायकोला तेवढंही सांगितलं नाही. "सुट्टी घेतलीय," तो म्हणाला, "फार दिवसांत घेतली नव्हती." ती पोस्टात टपालाची छाटणी करायची, दुपारची पाळी. डबा भरता भरता तिने त्याच्याकडे बघितलं, नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ. "बरं झालं," ती म्हणाली. "मग बागेला पाणी तुम्ही घालत जा. माझी कंबर धरते हल्ली."

बाग म्हणजे स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंतचा लांबट तुकडा. इथे राहायला आल्यापासून तो तिचाच. पोस्टातल्या कुणीकुणी दिलेल्या बिया, कुठून आणलेल्या फांद्या, ती हिवाळाभर काहीतरी पुरत-खुपसत असायची आणि तो दारातून "झालं का?" एवढंच विचारायचा. तिथे काय आहे हे त्याने कधी नीट बघितलं नव्हतं. दिवसभर रंग बघून आलेल्या माणसाला घरी पुन्हा रंग कशाला हवा. आता सकाळी झारी घेऊन तो तिथे जाऊन उभा राहिला तर थंडी नुकती ओसरत होती, भिंत उन्हाने कोमट झाली होती, आणि सगळा वाफा फुलला होता. पेटुनिया होती, पॅन्सी होती, भिंतीलगत केशरी नॅस्टर्शियम नको तितकं पसरलं होतं, कोपऱ्यात फिकट गुलाबाला पहिल्या कळ्या धरल्या होत्या. त्याला ते सुंदर वाटलं नाही. त्याला ते परीक्षेला बसवल्यासारखं वाटलं. त्याने डाव्या डोळ्यावर तळहात धरला. उजव्या डोळ्याला फुलाच्या मधोमध ओला अंगठा दाबल्यासारखा डाग दिसला, आणि पाकळीची कड सरळ जायची ती वाटेत वाकली. मग हात बदलला. डाव्याला नॅस्टर्शियम बरं दिसलं, पण शिळं. मग दोन्ही उघडे. मग पुन्हा उजवा. फूल न् फूल तपासत तो वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि पाणी घालायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी तेच. काल हा लाल जरा बरा दिसत होता का? की आज ऊन वेगळं आहे? काल दिसलेला लाल आज आठवून आजच्या लालाशी लावून बघायचा; पण कालचा लालही त्याच डोळ्यांनी बघितलेला, त्याची साक्ष काय कामाची. चोरालाच पहाऱ्यावर बसवल्यासारखं झालं होतं. झारी हातात धरून तो इतका वेळ उभा राहायचा की पाय ओले झालेलेही त्याला कळत नसे.

बायको स्वयंपाकघरातून काहीबाही बोलत असायची. हल्ली जरा जास्तच बोलायची. "ती जांभळी पेटुनिया बघितलीत का, केवढी आलीय." "कोपऱ्यातला गुलाब उमलतोय हां, फिकट गुलाबी, आत पिवळसर." तो हूं म्हणायचा. तिच्या तोंडी रंगांची नावं ऐकून त्याला एरवी हसू आलं असतं. लग्न झालं तेव्हापासून तिच्या लेखी रंग चारच: लाल, पिवळा, निळा आणि "तो आपला". तो आपला सदरा, तो आपला पडदा, त्या आपल्या रंगाची उशी. पहिल्या घराची खोली रंगवायची होती तेव्हा त्याने हौसेने सात पिवळे मिसळून भिंतीवर सात पट्टे ओढले होते. लिंबू, हळदी, लोण्याचा, मधाचा, जुन्या कागदाचा. दिवसभर तो त्या पट्ट्यांपुढे उभा होता. ती कामावरून आली, भिंत बघितली, म्हणाली, "पिवळा ना? छान आहे की." कुठला पिवळा, त्याने विचारलं. "कुठलाही." पुढचे दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नव्हता, आणि पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना तो हा किस्सा रंगवून सांगायचा. हिला रंगाचं वावडं आहे, म्हणायचा. तीही हसायची. तिला वाचता न येणारं अक्षर या शहरात नाही, असं पोस्टातले लोक म्हणत. कुणी कसाही पत्ता खरडलेला असो, ती पाकीट जरा लांब धरायची आणि योग्य त्या खणात टाकायची. पण त्याच्या घरात अक्षराला मान नव्हता, रंगाला होता.

असे बरेच दिवस गेले, आणि एका सकाळी त्याने हाताने डोळा झाकला नाही. ठरवून नव्हे. एका हातात झारी होती, दुसऱ्या हातात पिशवी होती, एवढंच कारण. वाफ्याच्या कडेला एक पालथी बादली होती तिच्यावर तो टेकला. मधमाश्या आल्या होत्या. एक माशी पेटुनियाच्या कर्ण्यात शिरली, आतून बाहेर येताना तिची मागची बाजू आधी आली, अरुंद जिन्यातून कपाट उतरवणाऱ्या हमालासारखी, आणि त्याला मनापासून हसू आलं. कितीतरी दिवसांनी. तो बघत बसला. त्याच एका झाडावर कालचं फूल होतं, आजचं होतं, उद्याची कळी होती, आणि एकाचा जांभळा दुसऱ्यासारखा नव्हता. उघडताना गडद, मग उजळ, मग सुकता सुकता निळसर. गॅरेजमध्ये असं झालं असतं तर तिन्ही दरवाजे परत आले असते. इथे कुणी परत आणत नव्हतं. त्याच्या ध्यानात आलं की आयुष्यभर त्याने एकही रंग नुसता बघितला नव्हता. रंग दिसला की शेजारी दुसरा असायचाच, आणि बघायचं ते दोघांतलं अंतर. बायकोचा चेहराही उन्हात आला की त्याच्या मनात तपकिरीचे थेंब पडायला लागायचे. आता या फुलाला कशासारखं दिसायचं होतं? कशासारखंच नाही. त्याला ते मळकट दिसत होतं, मधोमध डाग घेऊन दिसत होतं, आणि तरी ते तिथे होतं, उन्हात किंचित हलत होतं, आणि त्याला बरं वाटत होतं. पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाई काय म्हणतील ते म्हणतील. पाणी ओसरेल किंवा नाही. त्याच्या छातीवर इतके दिवस बसलेलं काहीतरी उठून जरा बाजूला सरकलं, गेलं नाही, पण सरकलं. त्याने उठून सगळ्या वाफ्याला सावकाश पाणी घातलं. ओल्या मातीचा वास आला. त्या दिवशी जेवताना त्याने भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि वाढताना बायकोचा हात जरा सैल झालेला त्याला दिसला.

मग एका शनिवारी सकाळी ठोक्या आला. ठोक्या म्हणजे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणारा. त्याने सरळ करायचं आणि मास्तरने रंगवायचं, असा दोघांचा जन्मभराचा संसार होता. तो बसला, पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला, आणि त्याच्या बोलण्यातूनच कळलं की नुसता भेटायला आलेला नाही. "बाईंची गाडी अजून उभीच आहे," तो म्हणाला. "मालक सोमवारपर्यंत थांबणार. नाही तर पलीकडच्या गॅरेजमधला माणूस बोलवणार म्हणत होते. एकदा तो आत आला की मग... तुला सांगायला नको." मास्तरने पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. "डोळे कसे आहेत?" ठोक्याने विचारलं. "बरे आहेत." "मग जमेल रे तुला. एक दरवाजा काय, तू तर..." त्याने पिशवीतून रंगाच्या छोट्या डब्या काढून ठेवल्या, हाताने दाबायचा फवारा काढला, आणि पत्र्याच्या काही गोल चकत्या, रुपयापेक्षा जरा मोठ्या, प्रत्येकीला खाली तारेचा दांडा. "हात बसलेला राहू दे," तो म्हणाला. "पट्ट्या आणणार होतो. मग म्हटलं, वहिनींच्या बागेत खोचता येतील अशा करू. गंमत." बायको चहा घेऊन आली तेव्हा तो घाईने म्हणाला, "वहिनी, याच्या डोळ्यांचं फार मनावर घेऊ नका हां," आणि लगेच जीभ चावून मास्तरकडे बघायला लागला. बायकोने कप ठेवला. "घेत नाही," ती म्हणाली.

ठोक्या गेल्यावर घरात बराच वेळ भांड्यांचाच आवाज होता. "कधीपासून माहीत आहे तुला?" शेवटी त्याने विचारलं. "एक मोजा तपकिरी आणि एक जांभळा घालून गेला होतात, तेव्हापासून." "ते तर हिवाळ्यात..." "हो." "बोलली का नाहीस?" ती ओट्याला टेकून उभी राहिली. "तुम्ही बोलाल म्हणून थांबले. मग तुम्ही बोलेनात, तर म्हटलं निदान फुलांचं तरी सांगत जावं. मला कुठे येतात रंगांची नावं. पोस्टातल्या एकीला विचारून विचारून यायचे, याला काय म्हणतात गं, त्याला काय म्हणतात." तो खाली बघत राहिला. त्याला लाज वाटली आणि त्याहून जास्त काहीतरी वाटलं. रोज सकाळी खिडकीतून येणारं ते बोलणं त्याने हूं म्हणून वाहून जाऊ दिलं होतं. "मला खरंच नीट दिसत नाही गं," तो म्हणाला. हे वाक्य तोंडातून बाहेर पडायला इतके दिवस लागले होते, आणि पडलं तर किती लहान होतं. ती जवळ आली नाही, डोळे पुसले नाहीत, काही नाही. "माहीत आहे," एवढंच म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "चहा गार झाला तुमचा."

पण बोलून टाकलं म्हणून सोमवार टळत नव्हता. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तो डब्या घेऊन मागच्या दारात बसला. दरवाज्याचा निळा इथे नव्हता, पण तशीच अवघड अशी जांभळी पेटुनिया होती. ती जर साधली तर दरवाजाही साधेल, असा त्याने स्वतःशीच कौल लावला होता. निळ्यात लाल सोडला, थेंबाने काळा, थेंबाने पांढरा. हात बिनचूक चालत होते. हातांना अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं. चकतीवर फवारलं. वरून चकाकी द्यायचा थर दिला नाही, म्हणजे रंग वाळल्यावर पाकळीसारखाच मंद, मखमली राहतो. उन्हात वाळवलं, फुलाशेजारी धरलं. लाल हवा होता. पुन्हा मिसळलं, पुन्हा चकती. अजून लाल. चौथी की पाचवी चकती त्याने फुलाशेजारी धरून ठेवली. जुळलं. फूल आणि चकती, दोन्हींत केसाचं अंतर नव्हतं. ओसरलं म्हणायचं का पाणी? "अगं, जरा ये," त्याने हाक मारली. ती हात पुसत आली. त्याने चकती फुलाला टेकवून धरली. "सारखा आहे?" हा प्रश्न त्याने उभ्या जन्मात तिला कधी विचारला नव्हता. तिलाही ते कळलं. तिने पाकीट धरल्यासारखं डोकं जरा मागे नेलं, बघितलं, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला दिसलंच असणार. हो म्हणायला एक अक्षर लागतं. मालकांनी सारवासारव करताना ते म्हटल्यासारखंच होतं, ठोक्याने "जमेल" म्हणून म्हटलं होतं. "नाही," ती म्हणाली.

त्याने चकती खाली घेतली. समोरची भिंत, वाफा, तिच्या हातातला टॉवेल, सगळं आपापल्या जागी होतं. त्याला एकदम फार दमल्यासारखं झालं, आणि त्या दमण्याच्या तळाशी, आश्चर्य म्हणजे, थोडी विश्रांती होती. आता तपासायचं काही उरलं नव्हतं. "काय वेगळं आहे?" त्याने विचारलं. "मला सांगता नाही येणार." "सांग. कसंही सांग." तिने कपाळाला आठ्या घातल्या. "तुमचा जास्त तापलाय," ती म्हणाली. "फूल थंड आहे." तापलाय. त्याने डबीकडे बघितलं. म्हणजे लाल जास्त. सगळीकडे लालच जास्त. त्याच्या डोळ्यांत लाल फिका पडला होता आणि तो आपला ओततच राहिला होता, जिभेची चव गेलेल्या माणसाने मीठ टाकत राहावं तसा. त्याने नवी डबी घेतली. निळा वाढवला, फवारलं, वाळवलं. "आता?" "आता मेल्यासारखा दिसतो." काळा कमी. "आता?" "आता बरा. पण फूल आतून उजळ आहे, याला कुणी तरी बाहेरून उजेड दाखवलाय." तो तिच्याकडे बघतच राहिला. आयुष्यभर त्याने ज्यांना रंग शिकवायचा प्रयत्न केला त्यांतल्या एकानेही पांढऱ्याची चूक इतकी नेमकी सांगितली नव्हती. "तुला हे सगळं दिसत होतं?" "दिसायला काय होतंय," ती म्हणाली. "तुम्ही नावं विचारायचात. नावं येत नव्हती मला." ऊन वर सरकत गेलं. ती सांगायची, तो तिच्या शब्दांचे थेंब करायचा. रागावलाय, झोपलाय, शिळा झालाय, घाबरलाय. मधे एकदा ती वैतागून म्हणाली, "अहो, पुरे की, सारखाच आहे," आणि लगेच पुन्हा वाकून बघून म्हणाली, "नाही, थांबा. जरा अजून." तिची कंबर धरली असणार, पण ती बादलीवर बसून राहिली, आणि तिच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आले होते. शेवटी एका चकतीला ती वाकून बघत राहिली. फुलाकडे, चकतीकडे, परत फुलाकडे. "झालं," ती म्हणाली.

त्याने बघितलं. त्याला ते झालेलं दिसलं नाही. त्याच्या डोळ्यांना चकती निळी दिसत होती, सरळ सरळ निळी, फुलाशी नातं नसलेली. त्याने एक डोळा झाकला, मग दुसरा. निळीच. धंद्यातली ही जुनी गोष्ट होती. दोन रंग दुकानातल्या दिव्याखाली सख्ख्या भावांसारखे दिसतात आणि उन्हात आले की परके होतात, कारण वरून सारखे असले तरी आतून निराळ्या वस्तूंचे बनलेले असतात. दिवा बदलला की फरक उघडा पडतो. इथे दिवा तोच होता, त्याचे डोळे बदलले होते. त्याचा हात लाल रंगाच्या डबीकडे गेला. सवयीने गेला, एकच थेंब, आणि त्याच्यापुरतं सगळं जुळलं असतं. "नको," ती म्हणाली. त्याने हात मागे घेतला. तेवढं करायला त्याला किती जोर लागला हे त्याचं त्यालाच ठाऊक. मग त्याने त्या रंगाच्या डबीला झाकण लावलं आणि अंगठ्याने दाबून घट्ट केलं. "उद्या सकाळी गॅरेजमध्ये येशील माझ्याबरोबर?" त्याने विचारलं. "मी? मी काय करू तिथे?" "एक दरवाजा आहे. तो रागावलाय की झोपलाय ते सांगायचं." ती हसली नाही. "मालक काय म्हणतील?" "म्हणतील ते म्हणतील. मी सांगणार आहे त्यांना डोळ्यांचं. रंग मी मिसळीन, बघणारं माणूस माझं. चाललं तर चाललं." "आणि नाही चाललं तर?" "तर मग बागेला पाणी घालीन," तो म्हणाला, आणि हे बोलताना आपला आवाज कापला नाही, याचं त्याला नवल वाटलं. ती त्याच्या खांद्यावर हात टेकून उठली, जरा वेळ हात तिथेच राहिला, आणि मग ती चहा टाकायला आत गेली.

तो एकटाच उरला तेव्हा त्याने ती चकती उचलली आणि पेटुनियाच्या मधोमध, जिथे फुलं सगळ्यात दाट होती तिथे, तिचा तारेचा दांडा मातीत खोचला. जरा मागे सरकून बघितलं. जांभळ्या गर्दीत एक चपटा निळा ठिपका, चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा, लांबूनही दिसेल असा. मधमाशीसुद्धा फसली नसती, असं त्याच्या मनात आलं, आणि तेवढ्यात एक त्या ठिपक्याच्या काठावर टेकून, चालून बघून, उडून गेली. तो बादलीवर बसला. बायको दोन कप घेऊन मागच्या दारात आली, पायरीवर थांबली, वाफ्यावरून तिने नजर फिरवली. "काढून टाकलीत होय?" ती म्हणाली. "कुठली?" "चकती. आपण केलेली." "नाही. तिथेच आहे." ती पायरी उतरली. तिने पुन्हा बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग मधोमध, अगदी चकतीवरून तिची नजर गेली आणि पुढे निघून गेली. "कुठे?" तो बोट दाखवणार होता. पण त्याने हात गुडघ्यावरच ठेवला. तिला दिसत नव्हती म्हणजे रंग बरोबर होता. त्याला दिसत होती, भरदुपारी दिवा लावून ठेवावा तशी दिसत होती, म्हणजे त्याच्या डोळ्यांचं काय झालंय तेही समोरच होतं. दोन्ही एकदमच खरं होतं. डोळ्यांत पाणी आलं आणि सगळा वाफाच पुसट झाला, तरी तो निळा ठिपका त्याला सुटला नाही. "नीट बघ," तो म्हणाला. "अहो, खरंच दिसत नाहीये," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांत कप तसेच धरून फुलांवर वाकली.